शाळा, गाव आणि कलाशिबिरे : हुबळी-धारवाडचा धडा



शालेय शिक्षणात कलेला कोणते स्थान असावे, या प्रश्नाचा विचार आपल्या देशात दीर्घकाळ होत आला आहे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विषयांचे अध्यापन कलांच्या साहाय्याने व्हावे, तसेच सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून स्थानिक कारागीर व कलावंत यांच्या सान्निध्यात काम करावे, असे सुचविले आहे. धोरणाच्या पातळीवर या बाबतीत आता मतभेद उरलेला नाही. परंतु प्रत्यक्षात अनेक शाळांतून कलेचा संबंध वार्षिक स्नेहसंमेलनापुरताच येतो. एका मुलास फेटा, दुसऱ्यास लुंगी व तिसऱ्यास पगडी घालून रंगमंचावर उभे केले म्हणजे विविधतेतील एकता मुलांना समजली, असे मानले जाते. दुसऱ्या दिवशी पोशाख परत जातात आणि मुले पुन्हा आपापल्या भाषेच्या, आपापल्या माध्यमाच्या वर्गात जाऊन बसतात.

वेगवेगळ्या संस्कृतींचा मेळ कलेतून खरोखर कसा घडतो, त्यासाठी किती काळ लागतो आणि शाळा व गाव यांनी त्यासाठी काय करावे, हे समजून घ्यावयाचे असेल तर उत्तर कर्नाटकातील हुबळी-धारवाडकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठी वाचकांना हे नगर परके नाही. धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. सुमारे वीस किलोमीटर अंतरावरील ही दोन गावे १९६२ पासून एका महानगरपालिकेखाली आली. हुबळीचे अधिकृत नाव २०१४ पासून हुब्बळ्ळी असे झाले आहे. हुबळी हे व्यापाराचे व रेल्वेचे गाव, तर धारवाड हे विद्येचे. रेल्वेच्या कारखान्यामुळे व बाजारपेठेमुळे कन्नड भाषकांच्या जोडीला मराठी, उर्दू, कोंकणी, तेलुगु व तमिळ बोलणारी कुटुंबेही येथे स्थायिक झाली. अशा वस्तीत भाषांचे वाद होणे स्वाभाविक असते आणि ते येथेही झाले. शाळा-कचेऱ्यांतून त्या काळी मराठीचे प्राबल्य असल्याने कन्नड भाषेच्या संवर्धनासाठी १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, ही गोष्ट मराठी माणसानेही समजून घेतली पाहिजे. वाद चालू असतानाही कलेच्या क्षेत्रात मात्र देवाणघेवाण थांबली नाही. तिचे स्वरूप काय होते, ते पाहू.

गुरू परका, गाणे आपले

उत्तर प्रदेशातील कैराना येथे जन्मलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ दक्षिणेत आले, मिरजेस राहिले आणि धारवाड-हुबळीच्या परिसरात त्यांचे येणेजाणे होऊ लागले. कुंदगोळ या लहानशा गावातील रामभाऊ कुंदगोळकर हा कन्नड घरातील मुलगा त्यांचा शिष्य झाला. गुरूच्या सहवासात वर्षानुवर्षे राहून हा शिष्य तयार झाला, मराठी संगीत रंगभूमीवर गाजला आणि अमरावती येथे दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ ही पदवी दिली. उत्तरेचा मुसलमान गुरू, कानडी मुलुखातील ब्राह्मण शिष्य आणि वऱ्हाडातील मराठी रसिक, अशी ही साखळी होय. सवाई गंधर्वांनी पुढे गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी व बसवराज राजगुरू यांना विद्या दिली. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनाचा भाग झाला आहे.

मल्लिकार्जुन मन्सूर यांची वाटचाल अशीच बोधप्रद आहे. १९१० मध्ये धारवाडनजीकच्या मन्सूर या खेड्यातील लिंगायत शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणी ते नाटक कंपनीत होते. तेथे त्यांचा आवाज ऐकून नीलकंठबुवा मिरजकरांनी त्यांना आपल्याजवळ नेले. त्यानंतर उस्ताद अल्लादिया खाँ यांचे पुत्र मंजी खाँ यांच्याकडे मुंबईत आणि मंजी खाँ यांच्या निधनानंतर धाकटे बंधू भुर्जी खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. अल्लादिया खाँ यांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आश्रय दिला होता. हेच मन्सूर पुढे शिवशरणांची कन्नड वचनेही त्याच अधिकाराने गाऊ लागले. सतारीच्या क्षेत्रात धारवाडचे नाव रहिमत खाँ आणि त्यांच्या घराण्याने देशभर पोहोचविले. त्यांचे नातू बाळे खाँ यांचे २००७ साली निधन झाले.

ही देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असे समजणे चुकीचे होईल. अब्दुल करीम खाँ हे कर्नाटक पद्धतीच्या संगीताचे जाणकार श्रोते होते. गंगूबाईंच्या मातोश्री अंबाबाई या कर्नाटक पद्धतीने गात. त्यांचे गाणे ऐकण्यासाठी खाँसाहेब धारवाडातील त्यांच्या घरी येत असत. कर्नाटक संगीतातील काही राग व सरगमाची पद्धत त्यांनी आपल्या गायनात सामावून घेतली. ज्याच्याजवळ देण्यासारखे पुष्कळ होते, त्यानेच घेण्यासही संकोच केला नाही.

रंगभूमी आणि साहित्य

नाटकाच्या बाबतीतही हेच दिसते. उत्तर कानडा भागातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे नाटक रचण्यास सांगितले आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. मराठी नाटकाच्या उगमाशी अशा रीतीने कानडी लोकनाट्य उभे आहे. पुढे मराठी नाटक मंडळ्या धारवाड-हुबळीत खेळ करू लागल्या. त्यांचे यश पाहून गदगचे शांतकवी, म्हणजे सक्करी बाळाचार्य, यांनी कन्नड नाटक मंडळी उभी केली. जे कर्नाटकातून आले होते, ते वाढून कर्नाटकात परत गेले. धारवाडात शिकलेले गिरीश कर्नाड यांनी १९७१ च्या ‘हयवदन’ मध्ये यक्षगानाचे संकेत वापरले आणि ते नाटक मराठी रंगभूमीनेही आपलेसे केले.

साहित्यातील दोन नावे येथे पुरेशी आहेत. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती, परंतु ते कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. याउलट जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत, कन्नड वस्तीत राहून मराठी कथा समृद्ध केली. घरची भाषा एक, परिसराची दुसरी आणि कामाची तिसरी, ही स्थिती या दोघांच्या आड आली नाही. सीमाभागातील हजारो मुलांची स्थिती आजही हीच आहे. त्यांच्या बाबतीत ती अडचण ठरावी की ठेव, हे बऱ्याच अंशी शाळेवर अवलंबून आहे.

ज्यांना दार बंद होते

या परंपरेचा गौरव करताना तिच्यातील उणीव झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १९२४ साली बेळगावास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे स्वागतगीत गाणाऱ्या शाळकरी मुलींत गंगूबाई होत्या. त्यांचा जन्म देवदासी परंपरेशी संबंध असलेल्या घराण्यातील होता. बालपणी त्यामुळे सोसाव्या लागलेल्या अवहेलनेविषयी त्यांनी आपल्या आत्मकथेत लिहिले आहे. पुढे हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन त्यांनी सवाई गंधर्वांकडे शिक्षण घेतले. मुलीच्या हिंदुस्थानी गायकीत दुसऱ्या पद्धतीची छाया येऊ नये म्हणून अंबाबाईंनी स्वतःचे गाणे बंद केले.

ही हकीकत ऐकून मन भरून येते. परंतु शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी त्यापुढे जाऊन एक प्रश्न विचारला पाहिजे. असा त्याग करणारी आई व असा गुरू ज्यांना लाभला नाही, त्या मुलांचे काय झाले? गुरुगृही राहून शिकणे ज्यांना शक्य झाले त्यांनाच विद्या मिळाली. शेतमजुराच्या, कारागिराच्या, भटक्या जमातीच्या घरातील किती आवाज कोणाच्या कानी न पडता विरून गेले असतील, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. शाळा ही एकच जागा अशी आहे की, जेथे या सर्व घरांतील मुले येतात. म्हणूनच कलाशिक्षणाचे दार शाळेत उघडले पाहिजे.

कलकेरी येथील प्रयोग

या दृष्टीने धारवाडजवळील कलकेरी या खेड्यात चाललेले कार्य लक्षात घेण्यासारखे आहे. २००२ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतातून आलेल्या मॅथ्यू फोर्टिए व आगाथ म्यूरिस या कलाप्रेमी दांपत्याने आपल्या सहकाऱ्यांसह ‘यंग म्युझिशियन्स ऑफ द वर्ल्ड’ या संस्थेच्या वतीने तेथे कलकेरी संगीत विद्यालय सुरू केले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील सुमारे दोनशे मुलेमुली तेथे राहून शिकतात. शिक्षण, निवास, भोजन आणि औषधोपचार यांचा भार पालकांवर पडत नाही. नेहमीच्या शालेय अभ्यासक्रमाबरोबर हिंदुस्थानी गायन, सतार, तबला, बासरी, व्हायोलिन, तसेच नृत्य व नाट्य यांचे नियमित शिक्षण दिले जाते.

या प्रयोगातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, परदेशातून आलेल्या मंडळींनी मुलांना आपल्या देशाचे संगीत शिकविण्याचा हट्ट धरला नाही. ज्या मातीत मन्सूर व गंगूबाई झाल्या, त्याच मातीची विद्या त्या मातीतील वंचित मुलांना मिळावी, अशी व्यवस्था त्यांनी केली. दुसरी अशी की, या संस्थेने क्वेबेक प्रांतातही गरीब वस्त्यांतील मुलांसाठी संगीतशाळा चालविल्या व त्यांत तेथील आदिवासी समाजाच्या मुलांनाही सामावून घेतले. कलकेरीचे विद्यालय हे अशा प्रकारे दोन दूरच्या समाजांमधील दुवा ठरले. कर्नाटक शासनानेही हुबळीच्या उणकल भागात डॉ. गंगूबाई हनगल यांच्या नावे निवासी गुरुकुल उभारले असून तेथे गुरुशिष्य पद्धतीने विद्या दिली जाते.

तथापि, प्रत्येक गावात निवासी विद्यालय काढणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. प्रत्येक मुलाने गवई व्हावे, असा हेतू नाही. सामान्य शाळेला जे साधण्यासारखे आहे ते म्हणजे गावातील कलावंतांच्या साहाय्याने चालणारे, वर्षभर टिकणारे कलाशिबिर.

शिबिरात काय शिकवावे

आरंभ गावात जे आहे त्यापासून करावा. धारवाड परिसरातील कसुतीचे भरतकाम हे याचे उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्रातील आजीबाईंना इरकली लुगडी ठाऊक आहेत, त्यांपैकी काहींवर हे काम असे. गवंती, मुर्गी, नेगी व मेंथी असे त्याचे चार टाके आहेत. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर अशा आकृत्या कापडावर आधी न रेखता, केवळ ताण्याबाण्याचे धागे मोजून भरल्या जातात. गवंती टाक्यात जाताना एक घर सोडून एक टाका घालावयाचा आणि परतताना रिकामी घरे भरावयाची असतात. त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात व कोठेही गाठ दिसत नाही. दोरा निघाला तेथेच परत यावा असा मार्ग आधी मनाशी ठरवावा लागतो. चौकटीच्या कागदावर हे करून पाहिल्यास पाचवी-सहावीच्या मुलांना मोजणी, सममिती व आकृतिबंध यांचा पाठ आपोआप मिळतो. हे काम मुलांनी व मुलींनी सारखेच करावे. शिकविण्यासाठी गावातील एखादी वृद्ध भगिनी पुरेशी आहे. तिच्याजवळ प्रमाणपत्र नसेल, परंतु विद्या आहे.

दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. कन्नडमध्येही अशी गीते आहेत व त्यांना जात्याच्या दगडाची पदे म्हणजे ‘बीसुकल्लिन पद’ असेच म्हणतात. माहेर, भाऊ, सासुरवास, देवाची वारी हे विषय दोन्हीकडे समान आहेत. मराठी व कन्नड माध्यमाच्या मुलांनी आपापल्या घरी आजीकडून एकेक गीत ऐकून लिहून आणावे, एकमेकांना म्हणून दाखवावे व अर्थ सांगावा. ज्या मुलास वर्गात परभाषेमुळे तोंड उघडण्याचा संकोच वाटतो, तो आजीची ओवी सांगताना अडखळत नाही. त्याची घरची भाषा शाळेत प्रथमच प्रतिष्ठेने उच्चारली जाते. या एका गोष्टीचे मोल फार मोठे आहे. लावणीतील कलगी-तुऱ्याच्या झगड्यासारखीच उत्तर कर्नाटकात हरदेशी-नागेशी अशी परंपरा आहे. वरच्या वर्गांतील मुलांना या दोहोंची तुलना करावयास सांगता येईल.

तिसरे उदाहरण वाद्यांचे. बैलगाडीच्या चाकाच्या कड्यावर कातडे ताणून केलेले जग्गलिगे हे प्रचंड वाद्य हुबळी परिसराचे वैशिष्ट्य असून ब्याहट्टी हे गाव त्यासाठी ओळखले जाते. चाक सुताराचे व लोहाराचे, कातडे कमावणाऱ्याचे आणि ठेका वादकाचा. एका वाद्यात गावाचे किती हात गुंतलेले असतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे. ज्या व्यवसायांना समाजाने हलके मानले, त्यांच्या कौशल्याविना उत्सवाचा नाद उठत नाही, हा पाठ पुस्तकातून देण्यापेक्षा येथे अधिक चांगला दिला जातो. दप्तराविना दिवसांपैकी एक दिवस हुबळीतील बेंगेरी येथील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघासाठी ठेवता येईल. १९५७ साली स्थापन झालेली ही संस्था राष्ट्रध्वज तयार करते. दोनास तीन हे प्रमाण व चक्राचे चोवीस आरे कापडावर कसे उतरतात, हे पाहिलेले मूल ध्वजाकडे निराळ्या दृष्टीने पाहील.

नियोजनाविषयी काही सूचना

अशा शिबिरांसाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळल्यास त्यांचा उपयोग टिकाऊ होईल.

पहिली गोष्ट सातत्याची. वर्षातून एक भव्य कार्यक्रम करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा दीड तास याप्रमाणे निदान बारा आठवडे एकच कला शिकवावी. गटात तीसपेक्षा अधिक मुले नसावीत. एकाच आवारात किंवा जवळपास कन्नड, मराठी व उर्दू माध्यमांच्या शाळा असतील, तर गट मिश्र करावेत. शेजारी बसून एकाच कापडावर काम करणाऱ्या मुलांना एकमेकांची भाषा शिकण्यास वेगळा तास लागत नाही.

दुसरी गोष्ट कलावंताच्या मानधनाची. गावचा कलावंत म्हणजे फुकट येणारा पाहुणा, ही समजूत सोडली पाहिजे. तो एक दिवस शाळेत आला तर त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. शाल व श्रीफळ देऊन त्याची भरपाई होत नाही. मानधनाची तरतूद शिबिराच्या अंदाजपत्रकात आधी करावी आणि ते काम संपताच हाती द्यावे. ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती व गावातील सहकारी संस्था यांनी मिळून ही रक्कम उभी करणे अवघड नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकाच्या भूमिकेची. शिक्षकाने कलावंताच्या शेजारी बसून विद्यार्थ्याप्रमाणे शिकावे व त्या कलेचा गणित, भाषा, भूगोल यांच्याशी असलेला संबंध पुढील तासांत उलगडून दाखवावा. कलावंत शिकवीत असताना शिक्षक कार्यालयात निघून गेला, तर मुले त्यापासून योग्य तो अर्थ काढतात.

चौथी गोष्ट गावाच्या सहभागाची. शिबिराचा समारोप शाळेच्या बंद सभागृहात न करता चावडीवर, देवळाच्या किंवा दर्ग्याच्या पटांगणात, बाजाराच्या दिवशी करावा. मुलांनी गोळा केलेल्या गीतांची वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी आणि ज्या व्यक्तीने गीत सांगितले तिचे नाव तिच्या संमतीने त्यापुढे लिहावे.

अधिकारीवर्गाने आणखी एक बाब लक्षात घ्यावी. नागपूर येथील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही राज्ये सहभागी आहेत. धारवाडात रंगायण ही शासकीय नाट्यसंस्था असून तेथे मुलांसाठी नाट्यशिबिरे होतात. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० पासून या भागातील कलावंतांचे व्यासपीठ राहिले आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांनी परस्परांकडे शिक्षक व कलावंत पाठविण्याचे ठरविल्यास या संस्थांचे साहाय्य घेता येईल. चंदगड, गडहिंग्लज, जत, अक्कलकोट या तालुक्यांतील अनेक गावांत कन्नड व मराठी शेजारी नांदतात. हुबळी-धारवाडचा धडा त्यांना सहज गिरविता येईल.

कलाशिबिरांमुळे भाषांचे वाद मिटतील किंवा जातींच्या भिंती एका वर्षात पडतील, असा दावा कोणी करू नये. सवाई गंधर्वांना घडण्यास अनेक वर्षे लागली आणि त्यांच्या गुरूने ती वर्षे मोजली नाहीत. शाळेजवळ एवढा वेळ नसतो. तिच्याजवळ सर्व घरांतील मुले असतात, हे तिचे बळ. त्या मुलांपैकी एखादे उद्याचे मन्सूर निघेल अथवा निघणार नाही. परंतु शेजारच्या घरातील ओवी ज्याने ऐकली आहे, दुसऱ्या जातीच्या कारागिराकडून ज्याने टाका किंवा ठेका शिकला आहे, ते मूल मोठेपणी शेजाऱ्यास परका म्हणताना थांबेल. तेवढे घडविण्याचे सामर्थ्य आठवड्यातील दीड तासात आहे. येत्या शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकात तो दीड तास राखून ठेवणे हे मुख्याध्यापकांच्या, आणि कलावंताच्या मानधनाची तरतूद करणे हे ग्रामपंचायतींच्या हाती आहे.